बंगल्याची खुर्ची

ह्या महिन्यांत रानभाज्यांविषयीं लिहीन असें मीं मागील अंकांत कबूल केलें होतें. वाचकांनीं क्षमा करावी. मध्यंतरीं एक सरकारी पत्र घरीं आलें आणि त्यानें आमच्या ओसरीपासून माजघरापर्यंत अशी कांहीं खळबळ उडविली कीं, काटवलांना आणि तरोट्याला आतां पुढील खेपेपर्यंत थांबणें भाग आहे.

पत्र होतें आमच्या जुन्या जिल्ह्याच्या जंगलांतील एका विश्रामगृहासंबंधीं. जुना जिल्हा म्हणजे चांदा. 1964 सालीं त्याचें नांव चंद्रपूर झालें आणि 1982 च्या ऑगस्टांत त्यांतून गडचिरोली वेगळी निघाली. परंतु माझ्या पिढीच्या तोंडीं अद्याप ‘चांदा’ च येतें. विश्रामगृहाचें नांव मी सांगत नाहीं. इंग्रजी अमदानींतला हा बंगला कित्येक वर्षें वटवाघळांच्या स्वाधीन होता. त्याचा आतां जीर्णोद्धार चालला आहे. पत्रांत लिहिलें होतें कीं, बंगल्याच्या जुन्या डेड स्टॉक बुकांत ‘आरामखुर्ची, सागवानी, लांब हातांची, वेताची, नग 2’ अशी नोंद सांपडली आहे. पैकीं एक नग मोडीत निघाला व दुसरा आपल्या तीर्थरूपांनीं लिलांवांत घेतल्याचें दिसतें. सदरहू नग सुस्थितींत असल्यास व आपली संमति असल्यास, मूळच्या सजावटीकरितां तो परत मिळावा. योग्य तो मोबदला दिला जाईल.

पत्र वाचून होतांच आम्ही उभयतांनीं त्या ‘नगा’ कडे पाहिलें. त्यावर मांजर निजलें होतें.

ही खुर्ची आमच्या घरीं आली तेव्हां मी पांच वर्षांचा होतों. बंगल्याचें जुनें सामान काढून टाकून नवीन पद्धतीचें फर्निचर आणण्याचें कोणा अधिकाऱ्याच्या मनांत आलें आणि कपाटें, टेबलें, जस्ताचें न्हाणीचें टब, पाण्याच्या वाट्यांत पाय बुडवून ठेवावयाचें जाळीचें कपाट, असें सर्व सामान अंगणांत मांडून लिलांवांत फुंकून टाकलें. नानांनीं साडेअकरा रुपयांस खुर्ची घेतली आणि बैलगाडींत घालून आणली. साडेअकरा रुपये ही त्या दिवसांत आमच्या घरीं थोडकी रक्कम नव्हती. आईनें विचारलें, ‘‘ही कशाला?’’ नाना म्हणाले, ‘‘असूं दे.’’ ह्यापलीकडे त्यांनीं खुलासा केल्याचें मला आठवत नाहीं. आणि खरी गंमत पुढेंच आहे. त्या खुर्चींत नाना जन्मांत कधीं बसले नाहींत. तिच्यावर पंचांगें असत, धुतलेल्या गोधड्यांची चवड असे, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असत. नाना मात्र शेजारीं सतरंजीवर.

खुर्ची कशी आहे तें सांगितलें पाहिजे, कारण नव्या पिढीनें ती पाहिलेली नसेल. पाठ मागें कललेली, बैठक खोल, पाठीला आणि बैठकीला एकसंध वेताचें विणकाम. हात रुंद असून त्या प्रत्येकाच्या पोटाखालीं आणखी एक फळी दडविलेली आहे. ती फळी फिरवून पुढें ओढली म्हणजे हात दुप्पट लांब होतो. घोड्यावरून दिवसभर रान तुडवून आलेला साहेब बसावयाचा, त्या दोन फळ्यांवर दोन पाय टाकावयाचा आणि गड्यानें त्याचे बूट ओढून काढावयाचे. खिळा कोठेंहि नाहीं. सर्व सांधे लांकडाच्या खुंट्यांवर. लांकूड आमच्याच रानचें. सागाला संस्कृतांत ‘शाक’ म्हणतात हें पुष्कळांस ठाऊक असेल. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्याला ‘टेक्टोना’ असें नांव दिलें आहे. तें ऐकून ग्रीक भाषेंतला सुतारवाचक शब्द आठवतो, आणि तो ग्रीक शब्द आपल्या ‘तक्षन्’ चा सख्खा भाऊ आहे. ह्या लांकडाच्या अंगीं मुळांतच तेल असतें, त्यामुळें वाळवी त्याच्या वाटेस जात नाहीं. आलापल्लीच्या रानांत अजून असे साग आहेत कीं, दोन माणसांनीं हात जोडले तरी कवेंत येऊं नयेत. तेथील एक तुकडा पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाडीपासून राखलेला असून 2014 सालीं त्याला जैवविविधतेचा वारसा म्हणून सरकारी संरक्षण मिळालें. 2023 च्या मार्चांत अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीं लांकूड गेलें तें बल्लारशाहूनच. त्या दिवशीं निघालेली शोभायात्रा पाहावयास मीहि उभा होतों.

नाना खुर्चींत कां बसले नाहींत, तें मला फार उशीरा, आजोबा गेल्यावर, आईच्या तोंडून कळलें.

आमचे आजोबा डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या शाळेंत मास्तर होते. शाळा म्हणजे रानालगतच्या एका खेड्यांतली एक खोली. 1934 च्या सुमारास वादळांत तिचें छप्पर उडालें. नवें छप्पर घालावयाचें तर वासे पाहिजेत; आणि वासे तर शाळेच्या मागच्या भिंतीपासून हांकेच्या अंतरावर उभे! परंतु 1878 च्या कायद्यानें रान राखीव झालेलें, तेव्हां हुकुमावांचून काडी तोडतां येत नसे. जंगलखात्याचा साहेब दौऱ्यावर बंगल्यांत उतरला आहे असें कळल्यावर आजोबा अर्ज घेऊन पहाटे निघाले, आठ कोस चालून दुपारीं पोंचले. साहेब नुकताच रानांतून येऊन ह्याच खुर्चींत (कीं हिच्या जोडीदारणींत, देव जाणे) पाय पसरून पडला होता. आजोबांस आंत बोलावलें खरें, पण बसावयास सांगितलें नाहीं. दीड तास ते उभे होते. पुढें घरीं येऊन त्यांनीं आजीस म्हटलें म्हणे, ‘‘मी आज साहेबाच्या बुटांच्या तळव्यांशीं बोललों.’’ साहेब वाईट नव्हता हेंहि सांगितलें पाहिजे. त्यानें त्याच दिवशीं सहा वाशांचा हुकूम लिहून दिला आणि शाळेंत मुलें किती, तींत गोंडांचीं किती, हेंहि विचारलें. केवळ समोरच्या मनुष्यास बसावयास सांगावें ही गोष्ट त्याच्या मनांतच आली नाहीं.

आणखी एक गोष्ट आजोबा सांगत, आणि ती सांगतांना हंसत. त्या खोलींत उभे सगळेच होते : ते स्वतः, जंगलखात्याचा कारकून, खानसामा, पट्टेवाला. बसलेले दोघेच. एक साहेब, आणि दुसरा भिंतीपलीकडे व्हरांड्यांत पंखा ओढणारा गडी. छताला टांगलेल्या झालरीच्या पंख्याची दोरी भिंतींतल्या एका भोकांतून बाहेर जाई आणि बाहेर तो जमिनीवर बसून तासन्‌तास ती ओढी. त्याचें तोंड कोणीं पाहिलें नाहीं. पण पंखा थांबला कीं आंतून हांक जात असे.

अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांत व्रात्याची एक विलक्षण कथा आहे. तो वर्षभर उभाच राहिला. उभा कां आहेस असें देवांनीं विचारल्यावर त्यानें बसावयास आसंदी आणावयास सांगितलें. तिचे दोन पाय ग्रीष्म आणि वसंत झाले, दोन शरद आणि वर्षा. हें कांड मीं गुरुजींजवळ पंचविसाव्या वर्षीं वाचलें, तेव्हां माझें सारें लक्ष ‘आसंदी’ शब्दाच्या व्युत्पत्तीकडे होतें. उभें राहण्याकडे लक्ष जावयास मला आजोबांची गोष्ट कळावी लागली.

तर पत्राचें उत्तर काय द्यावें? सौभाग्यवतींचें मत ताबडतोब तयार होतें. ‘‘चाळीस वर्षें पुसली आहे मीं ती. दोनदां वेत विणून घेतला. सरकारनें एकदां फुंकून टाकली, आतां पाहुण्यांस दाखवावयास पाहिजे म्हणून परत द्यावयाची होय?’’ मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘देऊन टाका, घरांत जागा होईल.’’ मला दोघांचेंहि पटेना. मीं अधिकाऱ्यांस एक महिन्याची मुदत मागितली आणि त्याच सुमारास पुतणीच्या मुलाची मुंज होती म्हणून आम्ही मडगांवास गेलों.

मडगांवास गेल्यावर चांदर पाहिल्याशिवाय परत येणें हें चांद्याच्या मास्तरास शोभलें नसतें. मडगांवापासून थोड्याच अंतरावर कुशावती नदीकांठचें हें गांव म्हणजे प्राचीन चंद्रपूर : पूर्वीं भोजांची आणि नंतर गोव्याच्या कदंबांची राजधानी. अकराव्या शतकांत कदंबांनीं राजधानी तेथून समुद्राजवळ गोपकपट्टणास हलविली. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतले इतिहासाचे अध्यापक फादर हेरास ह्यांनीं 1929 च्या सुमारास तेथें खणून एका शिवालयाचा पाया उजेडांत आणला. शिर नसलेला दगडी नंदी आजहि तेथें बसलेला आहे. मुलांना भूगोल शिकवितांना ‘दुसरें एक चंद्रपूर गोव्यांत आहे’ असें मीं तीस वर्षें सांगितलें. पाहिलें मात्र आतां.

परंतु लोक चांदरास येतात ते नंदीसाठीं नव्हे. ते येतात मिनेझिस ब्रागांझांचें घर पाहावयास. गांवच्या चौकाची एक संबंध बाजू त्या घरानें व्यापलेली आहे. दर्शनी भिंतींत ओळीनें चोवीस खिडक्या. घर एक, पण दोन शाखांनीं वांटून घेतलेलें. मध्यें जिना, एका बाजूस एक बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूस दुसरें. इतर ठिकाणीं असल्या घरांचीं हॉटेलें झालीं किंवा संग्रहालयें झालीं. येथें त्याच घराण्यांतलीं माणसें अद्याप राहतात. आलेल्यास आपणच हिंडवून दाखवितात आणि डागडुजीसाठीं पेटींत कांहीं टाका म्हणतात. इतक्या मोठ्या छपराचीं कौलें दर पावसाळ्याआधीं चाळावयाचीं म्हणजे काय खर्च असेल, ह्याची कल्पना ज्याच्या घरावर कौलें आहेत त्यास सहज येईल. मीं माझ्या ऐपतीप्रमाणें टाकले आणि सौभाग्यवतींनीं त्यांत भर घातली.

आंत शिसवी लांकडाचें कोरीव सामान आहे. बेल्जमची कांचेचीं झुंबरें, चीनची भांडीं, नाचाच्या दिवाणखान्यांत इटालियन संगमरवराची फरशी. जुन्या खिडक्यांना कांचेऐवजीं शिंपल्यांचे पातळ चौकोनी तुकडे बसवीत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा असतो, डोळ्यांस टोंचत नाहीं. आमच्या चंद्रपूरच्या उन्हाळ्यांत हा शोध कोणीं कां आणला नाहीं, असें मनांत आल्याशिवाय राहिलें नाहीं. गोव्यांतल्या अशा घरांतून एक गमतीची जोडखुर्ची असते. तिचा आकार नागमोडी असतो. दोघांनीं बसावें तर दोघांचीं तोंडें विरुद्ध दिशांना, पण बोलावयास खांदा वळविला कीं पुरे. ती पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे अशी असती तर भांडणें निम्मीं झालीं असतीं.’’

दिवाणखान्यांत उंच पाठीच्या दोन खुर्च्या आहेत. पोर्तुगालचे राजे दोम लुईस ह्यांनीं त्या ह्या घराण्यास दिल्या. त्यांच्यापुढें मी बराच वेळ उभा होतों, आणि मनांत तुलना चालली होती. आमच्या बंगल्याची खुर्ची खात्याची. साहेब बदलला कीं दुसरा साहेब तिच्यांत बसे, आणि रानच्या मनुष्याचा तिच्याशीं संबंध काय तो लांकूड तोडण्याचा आणि पुढें उभें राहण्याचा. ही खुर्ची मात्र येथल्याच माणसाला राजाकडून आलेली. शब्दांचेंहि तसेंच आहे. अलमारी, चावी, बिजागरी हे शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आले ते इतके आपले झाले कीं, पाहुणे म्हणून ओळखूंहि येत नाहींत. उलट आपल्या ‘पर्यंका’ चा पलंग झाला आणि त्याच कुळींतला शब्द पोर्तुगीजांनीं पालखीसाठीं उचलला. देणें-घेणें असें चालत आलें आहे.

पण राजाची खुर्ची ज्या घरांत आहे त्या घरांतला मनुष्य राजाच्याच बाजूनें बसून राहील, अशी माझी समजूत जर झाली असेल, तर ती त्याच घरानें खोडून काढली. घराच्या दुसऱ्या भागांत सुमारें पांच हजार ग्रंथांचें कपाटबंद ग्रंथालय आहे. तें लुईस द मिनेझिस ब्रागांझा ह्यांचें. जन्म 1878 चा, चांदरचाच. 1900 सालीं गोव्यांतलें पहिलें दैनिक ‘ओ हेराल्दो’ निघालें त्याच्या संस्थापकांत ते होते. 1911 त ‘ओ देबाते’, 1928 त ‘प्रकाश’ अशीं पत्रें त्यांनीं काढलीं. आणि जुलै 1930 मध्यें, सालाझारचा वसाहतींचा कायदा येऊं घातला असतां, गोव्याच्या कौन्सिलांत त्यांनीं ठराव मांडला कीं, आपलें भवितव्य आपण ठरविण्याचा हक्क येथील लोक सोडीत नाहींत. ह्याच गांवीं 1891 सालीं जन्मलेले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य ह्यांस तर 1946 त पोर्तुगीजांनीं लष्करी न्यायालयापुढें उभें करून शिक्षा दिली आणि पोर्तुगालांत पेनिशच्या किल्ल्यांत नेऊन कोंडलें.

जुलै 1930! त्याच महिन्यांत इकडे पुसदेस लोकनायक बापूजी अणे ह्यांनीं राखीव जंगलांतलें गवत कापून सत्याग्रह केला होता आणि वऱ्हाड-मध्यप्रांतांत रानोरान तो पसरला होता. एकीकडे शिसवी खुर्चींतून उठून कौन्सिलांत उभा राहिलेला गृहस्थ, दुसरीकडे विळा घेऊन गवतांत शिरलेला वकील. एकमेकांची भाषाहि कदाचित् त्यांस कळली नसती. मीं तेथल्या तेथें सौभाग्यवतींना हें सांगितलें. त्यांनीं कपाटांकडे पाहत विचारलें, ‘‘आणि एवढीं पुस्तकें दर पावसाळ्यांत कोण पुसतें?’’ प्रश्न रास्त होता.

दुसऱ्या दिवशीं त्याच कुशावतीच्या कांठीं केपें गांवीं गेलों. तेथें 1787 च्या सुमारास जुझे पावलू नांवाच्या पोर्तुगीज डीननें, म्हणजे एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्यानें, आपल्यासाठीं वाडा बांधला. गांवहि त्यानेंच वसविलें असें म्हणतात. तो वाडा पडझडीस आला असतां ह्या शतकांत एका दांपत्यानें तो पुन्हा उभा केला. वाडा अवश्य पाहण्यासारखा आहे. पण मला तेथें शिकण्यासारखें वाटलें तें हें कीं, जीर्णोद्धार हा शब्द आपण फार सैल वापरतों. चुन्याची भिंत असेल तर चुनाच लावला पाहिजे. सिमेंट लावलें कीं आंतली ओल आंतच कोंडते आणि दहा वर्षांत भिंत फुगून येते. सामानाचा प्रश्न आणखी बिकट. घर असतें, पण घरांतलें मूळचें सामान सहसा राहिलेलें नसतें. कुठें वांटणींत गेलें, कुठें विकलें, कुठें चुलींत गेलें. मग त्याच काळचें पण दुसरीकडचें आणून मांडावें लागतें, आणि पाहणारा तेंच मूळचें समजून जातो. ह्या दृष्टीनें आमची खुर्ची भाग्यवान : ती जेथली, तेथें जाण्याचा योग तिला आला होता.

मनांत एवढें येऊनहि मी ‘देतों’ असें म्हणावयास तयार नव्हतों. आडवी येत होती ती एक वेगळीच आठवण. लहानपणीं आमच्या घरीं रानांतून एक म्हातारा गोंड येई. मध, चारोळी, मोहाचीं फुलें आणी. आजोबा त्याच्याशीं प्रेमानें बोलत, भाव कधीं पाडीत नसत, आई त्यास पोटभर जेवूं घाली. पण तो बसे अंगणांत, उकिडवा, जमिनीवर. ओसरीवर घोंगडी असे, माजघराच्या दाराशीं ही खुर्ची असे, आणि दीड तासाच्या उभें राहण्याचा घाव आयुष्यभर बाळगणारे आजोबा ओसरीवरून अंगणांत बोलत. त्यांच्याहि मनांत आलें नाहीं. आम्हां मुलांच्याहि नाहीं. तो म्हातारा घरीं जाऊन आपल्या बायकोस काय सांगत असेल, हा प्रश्न मला माझ्या वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं, चांदरच्या त्या दोन खुर्च्यांपुढें पडला.

परत आल्यावर आधीं बंगला पाहावयास गेलों. अधिकारी तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि काम मनापासून केलें आहे. मधल्या काळांत कोणीं बसविलेलें खोटें छत काढून टाकून वरचे सागाचे वासे मोकळे केले आहेत. कौलें जुनीं निवडून चढविलीं आहेत. भिंती घासून पुन्हा चुना दिला आहे. जोतें उंच, चहूंबाजूंनीं रुंद व्हरांडा. बाहेर बेचाळीस अंशांचें ऊन असतां आंत डोकें शांत राहतें. मीं मनापासून शाबासकी दिली. मग खोलींत उभा राहून वर पाहिलें. पंखा टांगण्याचे दोन कडे जागेवर होते. पण व्हरांड्याकडच्या भिंतींत भोक दिसेना.

‘‘पंख्याच्या दोरीचें भोक होतें येथें,’’ मीं म्हटलें.

‘‘बुजवलं, गुरुजी,’’ अधिकारी म्हणाले. ‘‘साप-विंचू यायचे. शिवाय दिसायला बरं नव्हतं.’’

बंगल्याचे चौकीदार पाठीमागें उभे होते. वय माझ्याएवढेंच. ते पुढें झाले, व्हरांड्यांत गेले आणि बाहेरून भिंतीवर बोटाच्या पेरानें ठोकूं लागले. एके ठिकाणीं आवाज पोकळ आला. ‘‘इथं,’’ ते म्हणाले. ‘‘आमचा आजा इथंच बसे. भिताडाले टेकून. हात दुखले का दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवे.’’

आजोबांच्या गोष्टींतला तोंड न दिसणारा मनुष्य हाच कीं दुसरा कोणी, हें आतां ठरविणें शक्य नाहीं. पंखा ओढणारे एकापेक्षां अधिक असतील. मीं अधिकाऱ्यांस एवढेंच सांगितलें कीं, खुर्ची देतों. मोबदला नको, तो घेऊं नका असा घरचा निक्षून हुकूम आहे. पण तें भोक पुन्हा उघडलें पाहिजे, आणि बाहेरच्या बाजूस तेथें कोण बसत असे हें खुर्चीच्या फलकाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलें पाहिजे. विंचवांसाठीं बारीक जाळी लावावी. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘वरिष्ठांना विचारावं लागेल.’’ मीं म्हटलें, विचारा. रानावर हक्क कोणाचा, हा प्रश्न विचारावयास ह्याच मुलखांतल्या मेंढा-लेखा गांवानें कायद्याची वाट पाहिली आणि 2006 चा वनहक्क कायदा झाल्यावर 2009 सालीं आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळवून दाखविला. मला एका भोकासाठीं वरिष्ठांच्या उत्तराची वाट पाहण्यास हरकत नव्हती.

उत्तर अकराव्या दिवशीं आलें : होकार.

गवंड्यानें चुना उकरला तेव्हां आंत एक सागवानी कडें निघालें. भिंतीची झीज होऊं नये म्हणून बसविलेलें तें लांकूड. त्याच्या खालच्या कडेला दोरीनें घासून घासून बोटभर खोल खांच पडली होती. सागाला अशी खांच पडावयास किती उन्हाळे लागले असतील, तें सुतारास विचारलें. तो कडें हातांत फिरवीत राहिला, बोलला कांहींच नाहीं.

खुर्ची गेल्या आठवड्यांत गेली. जाण्यापूर्वीं सौभाग्यवतींनीं ती पुसली, वेतावर हात फिरविला, मांजरास उचलून आंत नेलें. एका लहान टेम्पोंत गोधडी अंथरून ती निजविली, आणि मी पुढें चालकाशेजारीं बसलों. बंगल्यांत ती भिंतींतल्या भोकाच्या समोरच मांडली. अधिकाऱ्यांस कांहीं कामानें जावें लागलें. उरलों मी, चौकीदार आणि टेम्पोचा चालक, एक विशीतला मुलगा.

मीं चौकीदारांस म्हटलें, ‘‘बसा.’’

ते मान हलवून म्हणाले, ‘‘आधी तुमी, गुरुजी.’’

‘‘मी आयुष्यांत हिच्यांत बसलों नाहीं. तुम्ही बसा.’’

असें आमचें दोनतीनदां झालें. दोघेहि आपापल्या जागीं उभे. तेवढ्यांत पाठीमागून करकर आवाज आला. खुर्ची चढवून-उतरवून दमलेला तो मुलगा केव्हांच तिच्यांत बसला होता. एका हाताखालची फळी त्याला सांपडली होती आणि ती पुढें ओढून तिच्यावर त्यानें एक पाय टाकून पाहिला होता.

‘‘गुरुजी,’’ तो म्हणाला, ‘‘हे पाय ठेवासाठीच हाय का?’’

मीं म्हटलें, ‘‘होय. दुसऱ्या बाजूलाहि एक आहे.’’